उरलेले तीन स्क्रू आणि आमचं ग्राफिक्स कार्ड

सगळं सुखरूप पार पडलंय, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे घर जळलं नाही, बाबांची नोकरी शाबूत आहे, सेक्रेटरीकाका आमच्याशी पुन्हा बोलायला लागलेत आणि माझा शाखानिवडीचा फॉर्म शिक्क्यासकट शाळेच्या कार्यालयात पोहोचलाय. आधी सांगायचं कारण असं की ही हकिगत मी फोनवर मावशीला सांगत होते, तेव्हा तिने निम्म्यातच घाबऱ्या आवाजात विचारलं, "अगं, पण तुझी आई आता कशी आहे?" आई ठणठणीत आहे. या सगळ्यात ठणठणीत राहिलेली तीच एकटी.

सुरुवात शाळेच्या प्रोजेक्टरपासून झाली. सभागृहातला प्रोजेक्टर चित्र उलटं दाखवत होता. शास्त्राच्या सरांनी तो हलवून पाहिला, शिपाईकाकांनी त्याच्यावर चापट मारून पाहिली, आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की पाहुण्यांना माना वाकड्या करून बघायची विनंती करू. मी उठले, मेनूत गेले, दोन बटणं दाबली. चित्र सरळ. बाई माइकवरून म्हणाल्या, "ही मुलगी इंजिनीअर होणार!" टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून माझी चालच बदलली. दप्तर एकाच खांद्यावर टाकायला लागले.

घरी मात्र माझी कीर्ती वेगळी होती. पाचवीत असताना मी इस्त्री उघडली होती. उघडली तशी ती बंदही केली आणि ती आजतागायत उत्तम चालते, पण बंद करून झाल्यावर स्क्रू उरले, आई म्हणते तीन. आईने ते औषधाच्या एका जुन्या डबीत ठेवले. मी कधीही 'इलेक्ट्रॉनिक्स' हा शब्द उच्चारला की आई फळीवरची ती डबी काढायची आणि कानाशी हलवायची. खुळ खुळ खुळ. बास, चर्चा संपली. जगातले मोठमोठे वाद इतक्या कमी शब्दांत कुणी जिंकले नसतील.

आणि वाद तर होताच. या वर्षी शाखा निवडायची होती. मला तांत्रिक शाखा हवी होती, आईला मी वाणिज्य घ्यावं असं वाटत होतं. मावशीच्या मुलीने वाणिज्य घेतलं आणि आता तिला ऑफिसात स्वतःची खुर्ची आहे, तीसुद्धा फिरणारी. फॉर्म सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा होता आणि त्यावर पालकांची सही लागते. आमच्या घरात पालक म्हणजे आई. बाबा सही करतात, पण आईने कुठे करायची ते दाखवल्यावर.

फॉर्मच्या तारखेला पंधरा दिवस उरले असताना बाबा ऑफिसातून डोळे चमकवत आले. बाबा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात बिलं दुरुस्त करतात. त्यांच्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या साहेबांना सगळे 'भविष्य' म्हणतात, कारण ते कायम भविष्याबद्दल बोलतात आणि आजची फाईल त्याच्याकडेच ढकलतात. भविष्यांनी बाबांना सांगितलं होतं की घरच्या संगणकाला एक चांगलं ग्राफिक्स कार्ड जोडलं, की तो बसल्या जागी क्रिप्टोची नाणी काढत बसतो. आपण फक्त बघायचं.

"म्हणजे ते करतं काय?" आईने विचारलं.

इथे मी पुढे सरसावले. "आई, जगभरातली यंत्रं मिळून एकच मोठी वही तपासतात. त्यासाठी अवाढव्य कोडी सोडवावी लागतात. सोडवणाऱ्याला नाण्याचा तुकडा मिळतो. आणि ग्राफिक्स कार्ड एका वेळी हजारो बारकी गणितं करतं, म्हणून ते यात पटाईत."

"नाणं दिसतं का?"

"नाही."

"हातात येतं का?"

"नाही. पाकिटात येतं. म्हणजे... पाकीटही दिसत नाही."

आईने बाबांकडे पाहिलं. "तुमचा पगार निदान एक दिवस तरी दिसतो."

"यंत्र आपली पोरगी बसवेल," बाबा म्हणाले. आई उठली, फळीकडे गेली. खुळ खुळ खुळ.

पण यावेळी मी प्रोजेक्टरवाली होते. मी म्हणाले, "आई, एक संधी दे. एकच." आईने उरलेली भाजी चिरून संपवली. मग तिने सुरी खाली ठेवली आणि तहाच्या अटी सांगितल्या. त्या मी शब्दशः लिहून ठेवल्यात: "फॉर्मच्या आदल्या दिवशी, रविवारी, सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंत हे यंत्र एकदाही बंद न पडता चाललं पाहिजे. कुणाला शॉक बसता कामा नये. एकही स्क्रू उरता कामा नये. असं झालं तर मी तांत्रिकवर सही करीन. नाही झालं तर वाणिज्य, आणि तोंड पाडून बसायचं नाही."

झालं. आयुष्य एका कार्डावर टेकवून मी बाबांबरोबर बाजारात गेले.

ज्या गल्लीत संगणकाची दुकानं आहेत तिथे प्रत्येक दुकान समोरच्या दुकानाच्या पोटात शिरल्यासारखं आहे. आमच्या दुकानदाराच्या कानावर पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर अडकवलेला होता. मी वही उघडली. मी तीन रात्री वाचून काढलेली माहिती होती ती: मेमरी आठ जीबी तरी हवी, कारण चार जीबीत आता त्या कोड्यांचं ओझं मावतच नाही. वीज कमी खाणारं हवं. पंखे तीन असले तर उत्तम. बाबांची पद्धत वेगळी. ते प्रत्येक कार्ड हातात घेऊन तोलत होते. बाबा सगळंच वजनावर घेतात. आमचा दिवाणखान्यातला पंखा इतका जड आहे की त्याच्याखाली कुणी बसत नाही.

"हे घ्या," दुकानदार म्हणाला. "जुनं आहे, पण एका डॉक्टरीणबाईंनी वापरलंय. तेही फक्त सुट्टीच्या दिवशी."

नंतर माझ्या लक्षात आलं की त्या दुकानातली प्रत्येक जुनी वस्तू कुठल्यातरी डॉक्टरीणबाईंनी सुट्टीच्या दिवशी वापरलेली होती. एवढ्या सुट्ट्या घेणाऱ्या बाईंच्या पेशंटांचं काय झालं असेल, देव जाणे. पण कार्ड आठ जीबीचं होतं, पंखे तीन होते आणि वजन बाबांच्या पसंतीला उतरलं.

"एकच सांगतो ताई," तो मला म्हणाला. मला! ताई! "आतले थर्मल पॅड सुकलेत. ते बदलून घ्या." आणि त्याने रबरासारख्या मऊ पट्ट्यांचं पाकीट दिलं. कार्डातल्या मेमरीच्या चिप तापतात. त्यांची उष्णता वरच्या धातूच्या जाळीपर्यंत पोहोचवायचं काम या पट्ट्या करतात. मधला दुवाच म्हणा ना.

घरी आल्यावर पहिला घोळ. कार्ड आमच्या संगणकाच्या खोक्यापेक्षा दोन बोटं लांब निघालं. बाबांनी दोन्ही बाजूंनी बघून विचारलं, "थोडंसं कापता येईल का?" मी त्यांना बाहेर पाठवलं. शेवटी संगणकाचे अवयव खोक्यातून काढून बंद करून घेतलेल्या बाल्कनीतल्या (आम्ही तिला गच्चीच म्हणतो) चपलांच्या लोखंडी मांडणीवर मांडले. वरच्या फळीवर कार्ड, मधल्या फळीवर मदरबोर्ड, खाली नवा वीजपुरवठ्याचा डबा. चपला सोफ्याखाली गेल्या.

सोफ्यावरून आठवलं. आमच्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे. पाहुणे बसले की तो बोलतो, उठले की पुन्हा बोलतो. आमच्या घरात नव्या वस्तूचा एक नियम आहे आणि तो मी बोलायला लागायच्या आधी शिकले: छापील प्लास्टिक काढायचं, पारदर्शक ठेवायचं. छापील कुरूप दिसतं. पारदर्शक दिसत नाही आणि वस्तू नवी राहते. रिमोट, फ्रिजचं हँडल, धुलाई यंत्राची बटणं, बाबांच्या घड्याळाची काच, सगळं आत आहे. आमच्याकडे कुठलीच वस्तू अजून जुनी झालेली नाही. हे उगाच आठवलं म्हणून सांगितलं. मुद्द्यावर येते.

पॅड बदलायचा तो दीड तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात शिस्तीचा दीड तास होता. अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला, प्रत्येक खळग्यात एकेक स्क्रू, बाजूला आकडा. चौदा स्क्रू. सुकलेले पॅड नखाने खरवडून काढले. नव्या पट्ट्या पट्टीने मापून कापल्या, वरचं निळं छापील प्लास्टिक सोलून टाकलं आणि एकेक पट्टी चिपवर अशी बसवली की कुठे ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही. चौदाच्या चौदा स्क्रू परत लावले. मग रिकामा ट्रे आईसमोर नेऊन हलवला. आवाज शून्य.

आई म्हणाली, "अजून चालू कुठे केलंय?"

चालू केलं. पंखे भिरभिरले, पडद्यावर आकडे धावायला लागले, बाबांनी टाळ्या वाजवल्या. विसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि तिन्ही पंखे विमान उडायच्या बेतात असल्यासारखे ओरडायला लागले. पुन्हा चालू केलं. एकोणीस मिनिटं. पुन्हा. एकवीस. पडद्याच्या कोपऱ्यात मेमरीचं तापमान एकशेदहाला टेकायचं आणि यंत्र मान टाकायचं. गंमत म्हणजे पॅड बदलायच्या आधी दुकानात हेच कार्ड तासभर निमूट चाललं होतं.

इथून पुढे आमची गच्ची सार्वजनिक झाली.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे काका. ते तीस वर्षं शीतगृहात होते, म्हणून त्यांना बिल्डिंग 'थंडाकाका' म्हणते. ते खिशात थर्मामीटर ठेवतात. त्यांनी तो कार्डाजवळ धरला, नुसतं "हं" म्हणाले, आणि घरी जाऊन ओला टॉवेल घेऊन आले. तो चालू यंत्रावर पसरायच्या बेतात होते, तेवढ्यात आईने हवेतच पकडला. काका दुखावले. "शीतगृहात तीस वर्षं हेच केलंय, वहिनी." आई म्हणाली, "शीतगृहात माझी मुलगी नव्हती."

बाबांचं निदान होतं, वीज खालीवर होते. स्टॅबिलायझर आला. वायरमन आला, त्याने अर्थिंग तपासलं आणि सांगितलं की अर्थिंग उत्तम आहे, एवढं उत्तम की त्याला वाईट वाटतंय. मी कार्ड चालवणारे ड्रायव्हर प्रोग्राम बदलले, जोडकेबल बदलली, कार्डाचा वेग उतरवला, पंख्यांचा वाढवला. विसाची बावीस मिनिटं झाली. तो आमचा विक्रम.

शेजारच्या काकू सल्ला द्यायला नाही, मोजे वाळवायला आल्या. हवा दमट होती आणि आमच्या यंत्राच्या मागून जो गरम वारा यायचा त्यात मोजे वीस मिनिटांत कडक व्हायचे. "बरोब्बर मोजे वाळले की बंद पडतं," त्या कौतुकाने म्हणाल्या. "किती समजूतदार यंत्र आहे!"

आणि आईने त्याला कव्हर शिवलं. आई शिवणकाम करते. तिचं जुनं शिलाई मशीन दर फेऱ्याला एक बारीकसं 'टक्' करतं, पण टाका कधी चुकत नाही. कव्हर फुलाफुलांचं होतं, चारी बाजूंनी झालर. मांडणीच्या मापाचं, बोटभरही इकडेतिकडे नाही. मी ते बघितलं आणि, आता सांगायला लाज वाटते, एक भाषण दिलं. म्हणाले, "आई, सगळ्या गोष्टी झाकून ठेवायच्या नसतात. यंत्राला श्वास घ्यायला लागतो. ही जी आपली झाकाझाकीची वृत्ती आहे ना, ती विज्ञानाच्या विरुद्ध आहे." वृत्ती हा शब्द मी मुख्याध्यापिकाबाईंकडून घेतलाय. आईने कव्हराची घडी घातली आणि कपाटात ठेवलं. डबीसुद्धा वाजवली नाही. ती वाजवली असती तर बरं झालं असतं.

त्यातच पहिल्या आठवड्याच्या शेवटी यंत्र, इस्त्री आणि पाणी तापवायचा हीटर एकदम चालू राहिले आणि आख्ख्या जिन्याचे दिवे गेले. सेक्रेटरीकाकांनी फलकावर नोटीस लावली: 'काही सदस्यांच्या घरात विमानतळ सुरू असल्याचे निदर्शनास आले आहे. त्यांनी विजेचा भार रीतसर वाढवून घ्यावा.' आणि ते आमच्याशी बोलायचे थांबले. जिन्यात भेटले की भिंतीकडे बघून वर जायचे.

म्हणून बाबा आणि मी वीज कार्यालयात. चार नंबरच्या खिडकीने सात नंबरकडे पाठवलं, सातने चारकडे. चारवाले जेवायला गेले. ते आल्यावर त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"यंत्र कसलं?"

"संगणक," बाबा म्हणाले.

"संगणकासाठी भार वाढवून मागत नाही कुणी. त्यातून माल काय निघतो?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. बिलं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हा मोठाच दोष. "माल नाही निघत. ते गणितं सोडवतं."

"किती?"

"सेकंदाला काही कोटी," मी अभिमानाने म्हणाले.

खिडकीतल्या गृहस्थांनी लिहिलं: 'घरगुती शिकवणी वर्ग. विषय: गणित.'

"अहो, तसं नाही!"

"साहेब, रकाने चारच आहेत. पिठाची गिरणी, शिवणयंत्र, दवाखाना, शिकवणी. तुम्ही गिरणी आहात का?"

आपण गिरणी नाही, हे बाबांनी कबूल केलं.

"दवाखाना?"

तेही नाही.

"मग सही करा. सोमवारी पाहणीला माणूस येईल."

रस्त्यात आल्यावर बाबांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. सरकारी नोकराने शिकवणी चालवायची नसते, चौकशी लागते. आणि घरी पोचेपर्यंत ही बातमी आमच्या आधी पोचली होती, कारण शेजारच्या काकूंचे भाऊ त्याच रांगेत मागे उभे होते. काकू दारातच. "इतके दिवस कळू दिलं नाहीत हो! आमच्या धाकट्याला घ्या की. अपूर्णांकात अगदीच कच्चा आहे." बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवारी दुपारी माझ्यापाशी उरलं होतं ते एवढंच: बावीस मिनिटांचा विक्रम, रविवारची अट आणि सोमवारचा फॉर्म. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, कार्ड पुन्हा उघडलं, चौदा स्क्रू पुन्हा ट्रेमध्ये ठेवले आणि नुसती बघत बसले. काय चुकलं तेच कळत नव्हतं. मला रडू येत नव्हतं. नाक वाहत होतं, एवढंच. वाणिज्य काही वाईट नसतं. फिरणारी खुर्ची असते. मी खुर्चीचा विचार करून पाहिला. ती कितीही फिरवली तरी मला तिच्या खालचे स्क्रूच दिसत होते.

आई समोर येऊन बसली. तिने कार्डातला एक पॅड उचलला आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला. दुकानात कापड घेताना चोळते तसा.

"यावर प्लास्टिक आहे," ती म्हणाली.

"काढलं ते मी, आई. निळं होतं."

"निळं नव्हे. खालच्या बाजूला. पारदर्शक."

मी पॅड खिडकीकडे धरला. काही दिसेना. आईने शिलाईच्या डब्यातली सुई आणली, पॅडच्या कोपऱ्यात खुपसली, आणि चर्र आवाज करत इतका पातळ पापुद्रा वर आला की तो दिसला नाही, फक्त चमकला.

गच्चीत मांडणी होती, तिच्यावर वायरमन, थंडाकाका, बाबा आणि मी स्वतः, एवढ्यांनी नजर टाकली होती. पण पारदर्शक प्लास्टिक ओळखायला ते वर्षानुवर्षं जपलेलं माणूस लागतं.

आणि मग मला तो शिस्तीचा दीड तास आठवला. पॅड उलटा करताना बोटांना ते लागलं होतं. गुळगुळीत. दिसलंसुद्धा होतं, उजेडात चमकलं होतं. आणि माझा हात एक क्षणही थांबला नव्हता. छापील काढायचं, पारदर्शक ठेवायचं. मी चिप आणि जाळी यांच्या मध्ये, जिथून उष्णता जायची नेमकी तिथेच, प्रत्येक पट्टीला रेनकोट घालून बसवलं होतं. वर पुन्हा झाकाझाकीच्या वृत्तीवर भाषण दिलं होतं.

आम्ही दोघी काढत बसलो. एकेक पट्टी, एकेक चर्र. आई सुईने कोपरा उचलायची, मी ओढायचे. पाचव्या पट्टीला मी म्हणाले, "आई, तू बोलली नसतीस तर उद्या आपोआप वाणिज्य झालं असतं."

"झालं असतं."

"मग?"

"चूक तुझी असती तर गप्प बसले असते," आई म्हणाली. "पण पारदर्शक ठेवायचं, हे कुणी शिकवलं तुला?"

रविवारी सकाळी सातला चहा झाला आणि आईने घड्याळाकडे बोट केलं. मी बटण दाबलं. वीस मिनिटांनी मी श्वास धरला, बाविसाव्या मिनिटाला बाबांनी डोळे मिटले. तेविसावं मिनिट आलं आणि गेलं. तापमान चौऱ्याऐंशीवर जाऊन जे बसलं ते हलेना. थंडाकाका खुर्ची टाकून बसले आणि दर पंधरा मिनिटांनी गंभीर आवाजात आकडा पुकारायला लागले. "चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी." प्रत्येक आकड्यानंतर बाबा "वा!" म्हणायचे.

बाराच्या सुमारास तडतड आवाज आला. काकूंचा एक मोजा मधल्या पंख्यात गेला होता. पंखा अडकला, तापमान चढायला लागलं. अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, पंच्याण्णव. यंत्र बंद करायची तर सोय नव्हती. मी स्वयंपाकघरातला लाकडी चिमटा आणला, बाबांनी टॉर्च धरला, थंडाकाकांनी श्वास धरला, आणि मी दातांच्या डॉक्टरसारखा तो मोजा अलगद ओढून काढला. पंखा फिरला. काकू म्हणाल्या, "दुसरा कुठेय?" आई म्हणाली, "दुसरा संध्याकाळनंतर शोधू."

साडेतीनला बाबा चहाचं पातेलं घेऊन ओट्याशी उभे. आईने ते काढून घेतलं. "संध्याकाळ पाचला होते."

आणि चार वाजता बेल वाजली. सेक्रेटरीकाका. भिंतीकडे बघून म्हणाले, "पाण्याची मोटर दुरुस्त करायचीय. मेन स्विच बंद करतोय. तासाभरासाठी."

एक तास! पाचच्या एक तास आधी! 'एकदाही बंद न पडता.' अट शब्दशः माझ्याच वहीत होती.

"काका, एक तास थांबा ना," मी म्हणाले.

"नोटीस लावली होती. माणूस खाली उभा आहे."

आई दारात आली. तिने सेक्रेटरीकाकांकडे पाहिलं, गच्चीतल्या घरघरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. माझा चेहरा काय सांगत होता कोण जाणे.

"आत या भाऊजी," ती म्हणाली. "इतक्या दिवसांनी आलात. चहा घेऊन जा. दहा मिनिटांनी मोटर पळून जाणार नाही."

काका अवघडून सोफ्यावर बसले. सोफा बोलला. आईने चहा टाकला. सगळ्यांना दिला, थंडाकाकांना, काकूंना, बाबांना, मला. बाबांनी पहिला घोट घेतला आणि कप हवेतच थांबला.

"हा कुठला चहा?" त्यांनी हळूच विचारलं.

आई आपला कप घेऊन बसली. "दुपारचा चहा आपल्या घरात होतो का कधी? सकाळचा आणि संध्याकाळचा. हा सकाळचा नाही."

गच्चीतून थंडाकाकांनी घसा खाकरून पुकारलं, "चौऱ्याऐंशी!"

मी आईच्या गळ्यात पडले. चहा सांडला, सोफ्यावर. प्लास्टिकवर. पुसून घेतला. एवढा एक फायदा मान्य करायला हवा.

मग सेक्रेटरीकाका खाली गेले आणि मेन स्विच बंद झाला. पंखे मंदावत मंदावत थांबले, आणि घरात अशी शांतता पसरली की आम्ही सगळे दचकलो. इतके दिवस आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो हे तेव्हा कळलं. "काय बरं वाटतंय!" बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले आणि मग ओशाळले. तासाभराने वीज आली. कुणीही गच्चीत गेलं नाही. नऊ तासांत काय मिळालं ते बाबांनी एकदा पडद्यावर पाहिलं होतं. दशांश चिन्हानंतर इतकी शून्यं होती की ती मोजायच्या आधी त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसून झाल्यावर मोजायचं रद्द केलं.

सही रात्रीच्या जेवणाआधी झाली. बाबांनी विचारलं, "कुठे करू?" आईने तांत्रिक शाखेच्या चौकोनाखाली बोट ठेवलं.

सोमवारी सगळं पटापट झालं. मी फॉर्म दिला, शिक्का बसला. बाबांनी वीज कार्यालयात 'अर्ज मागे घेण्याबाबतचा अर्ज' दिला. चार नंबरवाले म्हणाले, "शिकवणी चालली नाही वाटतं? गणिताला हल्ली मुलं येत नाहीत." बाबांनी पडेल चेहऱ्याने मान डोलावली आणि रस्त्यात येऊन जवळजवळ उडी मारली. कार्ड आम्ही दुकानात परत नेलं. दुकानदाराने ते पाच मिनिटांत काचेत मांडलं, आणि आम्ही पायरी उतरतोय तेवढ्यात मागे नव्या गिऱ्हाइकाला सांगताना ऐकू आलं, "हे घ्या. एका शाळकरी ताईंनी वापरलंय. तेही फक्त रविवारी."

त्या गल्लीत पहिल्यांदाच कुणी खरं बोललं असेल. जवळजवळ खरं.

संध्याकाळी आई फळीवरची डबी घेऊन आली. हलवली नाही. झाकण उघडलं आणि तिन्ही स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. "तांत्रिकवाल्या बाई," ती म्हणाली, "आता हे जागच्या जागी बसवा."

मी इस्त्री उघडली. पाचवीत जे दिसलं नव्हतं ते आता लख्ख दिसत होतं. मुठीच्या आत दोन रिकाम्या जागा होत्या. दोन स्क्रू गेले. तिसरा कुठेच बसेना. सगळीकडे लावून पाहिला, आटेच वेगळे होते. हा इस्त्रीचा नव्हताच.

"आई, दोनच जागा आहेत. हा तिसरा कुठला?"

आईने आधी बाबा आसपास नाहीत हे पाहिलं. मग खुर्ची ओढून शिलाई मशीनशी बसली, पाय ठेवला आणि एक फेरी फिरवली. टक्.

"तुझ्या जन्माच्या आधी मी हे एकदा उघडलं होतं. डबी तेव्हापासूनची आहे," ती म्हणाली. "आण इकडे. कुठे बसतो, बघू दोघी."